आमच्या मर्दानी खेळांच्या पथकाला मदत करायची आहे असं म्हणून तुम्ही विचारलंत: दांडपट्टा फिरवता येत नसेल, तर मी येऊन काय करू?

शिवजयंती जवळ आली की हा प्रश्न ठरलेला. नाशिकच्या शाळांमध्ये शिवकालीन मर्दानी खेळ आणि शस्त्रांचं टेबल घेऊन जायचं, तर खेळणारे आठ-दहा जण पुरतात. माणसं कमी पडतात ती मुलांना मागे ठेवणारी दोरी धरायला आणि हत्यारांच्या मोजणीला. एखादा पट्टेकरी आला नाही तर खेळ पाच मिनिटं लवकर आटोपतो. दोरीवरची माणसं आली नाहीत, तर खेळ करूच नये.

आधी कागदाचं काम. तलवार, भाला ही १९५९च्या शस्त्र कायद्यात येणारी हत्यारं, त्यात शहरात पोलीस आयुक्तांचा मनाई आदेशही वरचेवर लागू असतो. म्हणून शाळेच्या लेटरहेडवर तारीख, वेळ, नगांची यादी आणि सगळी पाती बोथट असल्याचा उल्लेख करून हद्दीतल्या पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी पत्र द्यायचं, आणि पोच गाडीत ठेवायची. हत्यारं गोणपाटात गुंडाळून डिकीत. दुचाकीवर मागे बसून तलवार धरणारा हौशी माणूस आम्हाला नको.

पटांगणावर सातला पोचा. खेळाडू अनवाणी असतात, त्यामुळे खडे, काचा, बाटल्यांची बुचं आधी झाडून काढायची. मग मधोमध खुंटी ठोकून दहा फुटांच्या सुतळीने फक्कीचं वर्तुळ आखायचं. दहाच का? पट्ट्याचं पातं साधारण चार फूट, हात अडीच फूट, आणि खेळताना माणूस एक-दोन पावलं सरकतोच. दोरी त्या रेषेपासून आणखी सहा फूट बाहेर. नुसत्या फक्कीवर भागत नाही: ढोल वाजला की पुढची रांग गुडघ्यांवर येते, मागची उभी राहते आणि रेषा पायाखाली पुसून जाते.

सोळा फुटांच्या त्रिज्येला घेर शंभर फुटांचा. एक बाजू आपण मोकळी सोडतो, उरलेल्या पाऊणशे फुटांना दर दहा फुटांवर एक, म्हणजे आठ माणसं. तोंड मुलांकडे, पाठ खेळाकडे. हे भल्याभल्यांना जमत नाही. मोकळी बाजू विट्यासाठी. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला, फेकून परत ओढायचा. दोरी गाठीपाशी घासून विरते आणि नेमकी ओढताना तुटते. तेव्हा तो सुटेल त्या दिशेला फक्त भिंत हवी. गाठ आदल्या दिवशी बघा, विरलेली दिसली तर दोरीच बदला.

‘मुलांना एकदा पट्टा घालू द्या ना’ असं शिक्षक हटकून म्हणतात. नाही. हात कोपरापर्यंत खोबळ्यात, म्हणजे पट्ट्याच्या पोकळ मुठीत, अडकतो, मनगट वळत नाही, सगळा फेर खांद्यातून येतो आणि लवचीक पातं हात थांबला तरी थांबत नाही. विद्यार्थ्याच्या पोटावर बटाटा ठेवून कापण्यालाही नाहीच. हातात द्यायला ढाल उत्तम.

टेबलाशी एका वेळी वीसच मुलं, सात-आठ मिनिटं. पाती फळीला सुतळीने बांधलेली असावीत, नाहीतर सेल्फीसाठी कुणीतरी मित्राच्या मानेवर तलवार ठेवतंच. वाघनखं पाहून पहिला प्रश्न येतो, ‘हीच का ती?’ सरळ सांगा, ही नमुना म्हणून बनवलेली आहेत. लंडनच्या संग्रहालयातून २०२४ मध्ये साताऱ्यात आली, तीही महाराजांनी वापरलेलीच, असं ते संग्रहालयसुद्धा ठामपणे म्हणत नाही.

आणि मुलांना नाशिकचंच सांगा. पेठ रोडवरून दिसणारा रामशेज किल्ला १६८२ पासून पाच वर्षांहून अधिक काळ मोगलांना दाद देत नव्हता. गडावर लोखंडी तोफ नव्हती, तर लाकूड पोखरून, वर कातडं चढवून तोफा केल्या, असं खाफीखानाने, म्हणजे मोगलांच्याच बाजूच्या माणसाने लिहून ठेवलंय. लाकडी तोफेचं नाव काढलं की मागच्या बाकावरचेही पुढे सरकतात. आम्हाला विचाराल तर तलवारबाजीपेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

परतताना प्रत्येक पातं कोरड्या फडक्याने पुसायचं, कारण हातांच्या घामाने रात्रीतून तांबूस ठिपके येतात. वर शिलाई मशिनच्या तेलाचा पातळ हात. खोबरेल नको, नाशिकच्या थंडीत ते गोठतं आणि त्यात धूळ बसते. मग यादी घेऊन मोजणी: सकाळी एकवीस नग उतरवले असतील, तर एकवीस चढेपर्यंत गाडी सुरू करायची नाही. एक कमी भरला तर आधी टेबलावरच्या कापडाच्या घडीत बघा; कट्यार बहुतेक वेळा तिथेच असते.