आकाशवाणीच्या ऑडिशनची तयारी : माझा अनुभव

शास्त्रीय गायनाच्या ऑडिशनचा अर्ज भरला तेव्हा माझ्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, "आता नवीन काही घ्यायचं नाही. जे येतंय, ते लवकर दिसलं पाहिजे." मैफलीत राग मांडायला तासभर मिळतो, इथे मोजकी मिनिटं. माझी सगळी तयारी त्या ‘लवकर’भोवतीच झाली.

अर्जासोबत रागांची यादी द्यावी लागते आणि परीक्षक त्यातला कुठलाही राग सांगू शकतात. अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे राग घातले की छाप पडते असं बरेच जण मानतात. मला ते पटत नाही. यमन कसा गातो यावरूनच माणसाची तालीम कळते. माझ्या यादीत भैरव, तोडी, भीमपलास, यमन, बिहाग, मालकंस असे रोजच्या रियाजातलेच राग होते. सकाळी अकराला मालकंस गायची वेळ आली तरी तो त्याच गांभीर्यानं लागावा, म्हणून मी मुद्दाम सकाळच्या बैठकीत रात्रीचे राग घ्यायचे.

यादीत भूप आणि देसकार दोन्ही असावेत, हा बाईंचा आग्रह. दोन्हींचे स्वर तेच पाच : सा रे ग प ध. पण भूप गंधारावर (ग) विसावतो, मंद्र-मध्यात, म्हणजे खालच्या आणि मधल्या सप्तकात रमतो. देसकार धैवतावर (ध) उभा राहतो आणि त्याचा जीव उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागात असतो. बाई तानपुरा चालू ठेवून मध्येच म्हणायच्या, "आता देसकार." की लगेच, बंदिशीचा आधार न घेता, ‘ध, प, ग प ध प’ एवढ्यातच देसकार दिसायला हवा. रिषभावर (रे) जराशी जास्त थांबले की भूप डोकावायचा आणि बाई हात वर करायच्या. या एका सरावानं मला रागाच्या चलनाबद्दल, म्हणजे त्यातल्या स्वरांच्या चालीबद्दल जे कळलं, ते कित्येक तानांनी कळलं नव्हतं.

मग वेळेचा हिशेब. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या एकतालाचं एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) पाऊण मिनिट सहज घेतं. म्हणजे हाताशी थोडीच आवर्तनं. एकेका स्वराची पायरी चढत बसलं तर तार षड्जापर्यंत पोचायच्या आधीच वेळ संपते. मी पहिल्या आवर्तनातच रागाची मुख्य अंगं दाखवून मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर यायची सवय केली. घाई मात्र ऐकू येता कामा नये. लय तीच ठेवायची, फापटपसारा तेवढा काढायचा.

पेटी (हार्मोनियम) बाईंनी सुरुवातीपासून बाजूला ठेवायला लावली. आकाशवाणीवर १९४० मध्ये पेटीला बंदी आली होती आणि ती तीसेक वर्षं टिकली, हे त्यांनीच सांगितलं. त्या वादात मला पडायचं नाही, पण नुसत्या तानपुऱ्यावर तोडीचा कोमल गंधार जिथे लागतो तिथे तो पेटीवर सापडत नाही, हे मी कानांनी अनुभवलंय.

स्टुडिओबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. तिथल्या भिंती आवाज शोषून घेतात. घरच्या खोलीत मिळणारी गोलाई जाते, आवाज कोरडा वाटतो आणि माणूस नकळत जोर लावतो. मी गाद्या-रजया ठेवलेल्या आतल्या खोलीत, काळी चार या माझ्या पट्टीत, मोबाइलवर रेकॉर्ड करत गायचे. तार सप्तकात माइकपासून किंचित मागे सरकणं तिथेच अंगवळणी पडलं. ध्वनिमुद्रण पुढे दिल्लीला ऐकलं जातं. तिथे हातवारे नसतात, चेहरा नसतो. म्हणून रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकायचं आणि श्वास कुठे तुटला, ‘आ’कार कुठे चपटा झाला, ते वहीत लिहून ठेवायचं.

प्रत्यक्ष ऑडिशनमध्ये आधी भीमपलास आणि मग देसकार सांगितला.

निकाल यायला वेळ लागला. पत्र आलं, त्यात ‘बी’ श्रेणी होती. तिच्या वरच्या श्रेणी ‘बी हाय’, ‘ए’ आणि ‘टॉप’. पुढच्या अर्जासाठी यादी जवळपास तीच ठेवली आहे, त्यात मारवा तेवढा घालायचाय. त्याचे स्वर पूरिया आणि सोहनीचेही आहेत, त्यामुळे सध्या बाईंचा हात पुन्हा वर जातोय.