आजीची शनिवारची हॉकी

आजीच्या हॉकीच्या आठवणी टिपून ठेवायच्या असतील तर ‘तुमच्या वेळी हॉकी कशी होती गं?’ असं विचारू नये. उत्तर ठरलेलं येतं: छान होती, आताच्यासारखी नव्हती. त्याऐवजी ‘गोलकीपरच्या तोंडावर मुखवटा होता का?’ असं विचारावं. मग खरी आठवण वर येते, आणि ती कोणत्या काळातली आहे हेही तिच्याबरोबरच कळतं.

इथे हॉकी म्हणजे बर्फावरची, कॅनडा-अमेरिकेतली व्यावसायिक हॉकी, नॅशनल हॉकी लीगची. टोरोंटो, माँट्रियल, डेट्रॉइट, बॉस्टन अशा शहरांच्या आसपास वाढलेल्या आज्यांनी हा खेळ आयुष्यभर ऐकला आणि पाहिला आहे. आजच्या लीगबद्दल मत बनवताना मला त्यांची साक्ष आकडेवारीइतकीच मोलाची वाटते. फक्त ती नीट घ्यायला हवी, कारण साठ-सत्तर वर्षांत रेडिओवर ऐकलेलं, टीव्हीवर पाहिलेलं आणि पुढे मुलांनी सांगितलेलं एकमेकांत मिसळून गेलेलं असतं.

सुरुवात रेडिओपासून करावी. फॉस्टर ह्यूइट सामना सांगायला बसले की आधी कॅनडाला आणि मग अमेरिका व न्यूफाउंडलंडमधल्या हॉकीप्रेमींना नमस्कार करत. आजीला त्यातलं ‘न्यूफाउंडलंड’ आठवत असेल तर आठवण बहुधा १९४९ च्या आधीची. त्या वर्षी ३१ मार्चला न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झालं आणि त्याचं वेगळं नाव घ्यायचं कारण उरलं नाही. टीव्हीवर हॉकी आली १९५२ मध्ये: ऑक्टोबरात माँट्रियलहून फ्रेंचमध्ये, १ नोव्हेंबरला टोरोंटोहून इंग्रजीत. पुढची बरीच वर्षं सामना पहिल्या मिनिटापासून दाखवत नसत. रिकाम्या खुर्च्यांची धास्ती असायची, म्हणून खेळ बराच पुढे गेल्यावर प्रक्षेपण सुरू होई. ‘टीव्ही लावला की मॅच अर्धी झालेली असायची’ असं आजी म्हणाली तर तिला खोडून काढू नका, ती बरोबर सांगते आहे.

मुखवट्याची गोष्ट अशी. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा फटका माँट्रियलचा गोलकीपर जॅक प्लांटच्या चेहऱ्यावर बसला. तेव्हा संघाबरोबर राखीव गोलकीपर नसे, त्यामुळे टाके घालून होईपर्यंत अख्खं मैदान थांबलं. प्रशिक्षक टो ब्लेकना मुखवटा पसंत नव्हता, पण प्लांटनी तो घातल्याशिवाय परत उतरायला नकार दिला. माँट्रियलनं सामना ३-१ नं जिंकला आणि मुखवटा राहिला. तरी सगळ्यांनी तो लगेच घेतला नाही. उघड्या चेहऱ्याचा शेवटचा गोलकीपर अँडी ब्राउन या लीगमध्ये १९७४ पर्यंत खेळत होता. म्हणून ‘मुखवटा नव्हता’ एवढ्यावर वर्ष ठरवू नये. ‘एकाला होता, समोरच्याला नव्हता’ असं ऐकलं तर मात्र काळ बहुतेक साठच्या दशकातला, फार तर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा.

दुसरी खूण जर्सीच्या रंगाची. १९५५-५६ च्या हंगामापासून घरच्या मैदानावर संघ गडद रंगात उतरे आणि पाहुणे पांढऱ्यात. १९७०-७१ ला हे उलटं झालं आणि २००३-०४ ला पुन्हा पहिल्यासारखं. माँट्रियलच्या मैदानावर घरचा संघ पांढऱ्या जर्सीत आठवत असेल तर १९७० ते २००३ मधला काळ धरावा. पाठीवर नावं सगळ्या संघांना सक्तीची झाली १९७७-७८ मध्ये. टोरोंटोचे मालक हॅरल्ड बॅलर्ड यांना ते नको होतं, कारण घरबसल्या नावं वाचता आली तर मैदानात माहितीपत्रक कोण विकत घेणार? त्यांनी निळ्या जर्सीवर निळ्याच अक्षरांत नावं शिवून घेतली. एखाद्या आजीला ‘न दिसणारी नावं’ आठवत असतील तर ते १९७८ सालचे काही थोडे दिवस आहेत. इतकी नेमकी तारीख दुसरी कुठलीच खूण देत नाही.

बर्फ कोण साफ करायचं, हेही विचारा. हातात फावडी घेतलेली माणसं आणि पाण्याची पिंपं आठवत असतील तर आठवण जुनी. माँट्रियल फोरम या मैदानावर बर्फ गुळगुळीत करणारं झँबोनी यंत्र १९५५ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा फिरलं. लहान मुलांच्या मनात गोलपेक्षा हे यंत्रच जास्त घट्ट बसतं, म्हणून हा प्रश्न सहसा वाया जात नाही.

आजी हयात नसेल तर तिच्या मांडीवर बसून पाहिलेल्या सामन्यांच्या स्वतःच्या आठवणींनाही याच खुणा लावता येतात. नव्वदच्या दशकात अमेरिकेत वाढलेल्यांना एक खास खूण आहे. फॉक्स वाहिनीवर १९९६ ते १९९८ या काळात पकभोवती, म्हणजे खेळातल्या चकतीभोवती, निळी चमक दिसायची आणि जोराचा फटका असेल तर मागे लाल शेपूट. जाणकारांनी तिला नावं ठेवली. माझं मत वेगळं आहे. पक म्हणजे जेमतेम साडेसात सेंटीमीटर व्यासाची काळी चकती. उतारवयातल्या डोळ्यांना ती टीव्हीवर सापडतच नाही, आणि पक दिसला नाही तर खेळ म्हणजे नुसती पळापळ. ती चमक ज्याला हवी त्याला चालू करता यावी, अशी सोय आज सहज देता येईल. तोवर आजीला एवढंच सांगावं की पक शोधू नकोस, खेळाडूंचे खांदे बघ. ज्या दिशेला चार-पाच जणांचे खांदे वळलेले दिसतात, पक तिथेच असतो.

आता मतांकडे येतो, कारण या आठवणींतूनच ती तयार होतात.

१९४२ ते १९६७ लीगमध्ये सहाच संघ होते. सत्तर सामन्यांच्या हंगामात प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी चौदा वेळा गाठ पडे. त्यामुळे आजीला समोरच्या संघातला तिसऱ्या फळीतला खेळाडूही नावानं माहीत असे, त्याच्यावरचा रागही पक्का असे. आज ३२ संघ आहेत आणि पूर्व-पश्चिम गटांपैकी दुसऱ्या गटातला संघ घरच्या मैदानावर वर्षातून एकदा येतो. लीग मोठी झाली हे चांगलंच झालं. पण एकाच विभागातल्या संघांचे आपसातले सामने वाढवायला हवेत. वैर जाहिरातीनं तयार होत नाही, वारंवार भेटल्यानं होतं.

शिक्षेच्या, म्हणजे फाउल करणाऱ्याला बाहेर बसवून त्याच्या संघाला कमी माणसांनी खेळवण्याच्या, नियमाबद्दल मी जुन्यांच्या बाजूनं आहे. पूर्वी दोन मिनिटांची शिक्षा म्हणजे पूर्ण दोन मिनिटं, मधे कितीही गोल झाले तरी. ५ नोव्हेंबर १९५५ ला माँट्रियलच्या जाँ बेलिव्होनं बॉस्टनचे खेळाडू शिक्षेत असताना ४४ सेकंदांत तीन गोल केले. पुढच्या हंगामापासून लीगनं नियम बदलला: एक गोल झाला की शिक्षा संपली. एका संघाच्या ताकदीला आवर घालायला केलेला नियम इतकी दशकं टिकला आहे. तो जाऊन पूर्ण दोन मिनिटं परत आली तर निष्काळजी फाउल करण्याआधी खेळाडू दहा वेळा विचार करेल.

बरोबरीच्या बाबतीत मात्र जुनं आणि नवं दोन्ही मला पटत नाही. युद्धकाळात गाड्यांची वेळ सांभाळायची म्हणून नोव्हेंबर १९४२ मध्ये साखळी सामन्यांतला जादा वेळ बंद झाला, तो थेट १९८३-८४ मध्ये परत आला. म्हणून त्या पिढीच्या आठवणींत बरोबरीत सुटलेले सामने भरपूर आहेत, आणि जिंकल्यासारखं वाटलेल्या बरोबऱ्याही. २००५-०६ पासून शूटआउट आलं, म्हणजे एकेका खेळाडूनं एकट्या गोलकीपरसमोर जाऊन निकाल लावायचा. खरी गडबड गुणांची आहे. साठ मिनिटांत निकाल लागला तर दोघांत मिळून दोन गुण वाटले जातात, निकाल जादा वेळेत गेला तर तीन. बरोबरी असली की शेवटची पाच-सात मिनिटं दोन्ही संघ धोका टाळतात, कारण घड्याळ संपलं की प्रत्येकी एक गुण पक्का. आंतरराष्ट्रीय हॉकीत नियमित वेळेतल्या विजयाला तीन, जादा वेळेतल्या विजयाला दोन आणि तिथल्या पराभवाला एक गुण देतात. हे गणित कोणत्याही आजीला एका वाक्यात समजावता येतं, लीगचं सध्याचं येत नाही.

‘तेव्हा खेळाडू पैशासाठी खेळत नव्हते’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत येतं. ते तसंच लिहून घ्यावं, पण शेजारी वस्तुस्थितीही नोंदवावी. तेव्हाच्या करारांत खेळाडूला संघ सोडून जायची मुभाच नव्हती, आणि उन्हाळ्यात अनेक जण दुसरी नोकरी करत. १९५७ मध्ये डेट्रॉइटच्या टेड लिंडसेनं खेळाडूंची संघटना उभारायचा प्रयत्न केला, तर त्याच उन्हाळ्यात त्याला तळाच्या शिकागो संघात धाडण्यात आलं. आजच्या मोठ्या पगारांबद्दल मला म्हणूनच तक्रार नाही. हेल्मेटचंही तसंच. जानेवारी १९६८ मध्ये बिल मास्टरटन बर्फावर डोकं आपटून दोन दिवसांनी वारला, तरी नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं व्हायला १९७९ उजाडलं. उघड्या डोक्यांच्या त्या देखण्या आठवणींमागे ही किंमत आहे.

मुलाखतीत बिघडतं ते घाईमुळे. जुन्या सामन्याची चित्रफीत आधी दाखवली की आजी ती फीत सांगू लागते, स्वतःची आठवण नाही. आधी सगळं बोलून घ्यावं, फीत दुसऱ्या बैठकीत लावावी, तीही आवाज बंद करून. टीव्ही आणि पंखा बंद ठेवावा, फोन विमान मोडवर टाकून दुमडलेल्या रुमालावर तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवावा. नुसत्या टेबलावर ठेवला तर कप ठेवल्याचा आवाजही ढोलासारखा येतो. दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐकून बघावं. चाळीस मिनिटांच्या पुढे ताणू नये. वहीच्या पानाचे दोन भाग करावेत: डावीकडे ती म्हणाली ते, तिच्याच शब्दांत, उजवीकडे नंतर पडताळलेलं. जागच्या जागी चूक दाखवली की पुढच्या प्रश्नाला ‘मला नाही बाई आठवत’ असं उत्तर येतं.

पडताळताना प्रसिद्ध सामन्यांबाबत जास्त सावध राहावं. २२ फेब्रुवारी १९८० ला अमेरिकेच्या हौशी मुलांनी ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवलं. ‘मी तो लाइव्ह पाहिला’ असं असंख्य अमेरिकन सांगतात, पण अमेरिकेत तो सामना टीव्हीवर उशिरानं, रेकॉर्ड करून दाखवला गेला. आजी खोटं बोलत नसते. निकाल माहीत नसताना पाहिलं की ते लाइव्हच वाटतं. उजव्या रकान्यात प्रक्षेपणाची माहिती लिहावी, डावा तसाच राहू द्यावा.

आणखी एक प्रश्न हमखास विचारावा: ‘तू स्वतः खेळलीस का गं?’ बहुतेक जण विचारतच नाहीत. ओंटारिओतला प्रेस्टन रिव्ह्युलेट्स हा मुलींचा संघ तिसाच्या दशकात गाजत होता. पुढे मात्र मुलींसाठी दारं बंद होत गेली. पन्नासच्या दशकाच्या मध्याला टोरोंटोत अ‍ॅबी हॉफमन ही छोटी मुलगी केस कापून मुलांच्या लीगमध्ये खेळली आणि जन्मदाखला तपासल्यावर उघड झाली. स्त्रियांची आताची व्यावसायिक लीग १ जानेवारी २०२४ ला टोरोंटोत सुरू झाली, न्यूयॉर्कनं पहिला सामना ४-० नं जिंकला. गुणांची पद्धत तिथे तीन-दोन-एकचीच आहे. शिवाय शिक्षेत असलेल्या संघानं गोल केला तर त्यांचा खेळाडू लगेच सुटतो. हा नियम मला पुरुषांच्या लीगमध्येही हवा आहे, कमी माणसांनी खेळतानाही हल्ला करायला तो भाग पाडतो.

शेवटी वस्तू. जुन्या खोक्यात खेळाडूंचे छापील फोटो सापडले तर ते बहुधा बी हाइव्ह कॉर्न सिरपचे असतील. १९३४ ते १९६७ या काळात सिरपच्या डब्याबरोबरचा खरेदीचा कागद टपालानं पाठवला की खेळाडूचा फोटो घरी येई. सिरप आणायची आजी, फोटो जमवायची मुलं. हे फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर ओढून काढू नयेत, कोपरा फाटतोच. पानासकट स्कॅन करावेत, ६०० डीपीआयवर. सुटे असतील तर मागच्या बाजूला कडेला मऊ पेन्सिलीनं आजीनं सांगितलेलं नाव आणि वर्ष लिहावं. बॉलपेननं लिहिलं तर दाब पुढच्या बाजूला उमटतो. रबर बँड आधी काढून टाकावा, तो वितळून कागदाला चिकटतो.