म्हसोबाचं बोकड: या वेळी सगळं माझ्याकडे होतं

आमच्या शेतातल्या म्हसोबाला दर तिसऱ्या वर्षी आखाडात बोकड असतं. सांगोल्याकडं बहुतेक घरांत असं काही ना काही असतंच, कुणाचा म्हसोबा, कुणाची मरीआई, कुणाच्या पोराचं जावळ. आजवर हे सगळं आण्णा बघायचे, आम्ही पुण्याहून सकाळी निघायचो, जेवायचो आणि रात्री परत. या वेळी आण्णांचा गुडघा धरलेला, ते म्हणले आता तूच बघ. मग मी माहिती काढायला लागलो तर जो तो एक तर बंद करा म्हणून सांगणार नाहीतर रस्सा कसा करायचा ते सांगणार, पण बोकड निवडायचं कसं, आणायचं कसं, कापणारा कोण, जनावराला कमीत कमी त्रास कसा होईल हे कुणी धड सांगेना. म्हणून हे लिहितोय, लांबलंय थोडं.

पहिला प्रश्न घरातूनच आला. पुतणी अकरावीला आहे, तिनं वशाट म्हणजे मटण-मासे सोडलंय, ती सरळ म्हणाली कोहळा का नाही कापत? प्रश्न चुकीचा नाही, आमच्याच भावकीत दोन घरांनी कोहळ्यावर आणलंय, हळद-कुंकू लावून कोहळा फोडतात आणि गोडाचं जेवण. तात्या माळकरी, ते तर कायम म्हणतात देवाला कुठं लागतंय रे, खंडोबा बघ, त्याला पुरणपोळीच. आणि ते खरंय, जेजुरीला बोकडाचा मान खंडोबाचा नाही, मणी दैत्याचा, मरताना त्यानं मागून घेतला अशी कथा आहे. मांढरदेवला पण काळूबाईला गोडा नैवेद्य आणि बोकड-कोंबडं तिच्या बाजूच्या मांगीरबाबा, गोंजीबुवाला. पण आमचा म्हसोबा म्हणजे राखणदारच, त्याच्यापुढं गोडा देव दाखवून उपयोग नाही. आत्या म्हणाली कोहळा चालतो पण बदलायचं तर देवाला विचारून, कौल लावून, परस्पर नाही.

माझं मत सांगतो, पटलं तर बघा. मी दर रविवारी दुकानातून मटण आणतो, ते बोकड कुठून आलं, कसं आलं, किती तास गाडीत उभं होतं, मी कधी विचारलेलं नाही. जर खाणारच आहे तर निदान या एका जनावराचं सगळं माझ्या डोळ्यासमोर नीट होऊ दे. मी शाकाहारी असतो तर कोहळाच फोडला असता, वादच नाही. पुतणीला हे सांगितलं, तिला पटलं नाही, ती म्हणाली मी जेवायला येईन पण तात्यांच्या चुलीवर. ठीक आहे म्हणलं.

मग कायदा. लोकांना वाटतं बोकड कापणंच बेकायदेशीर आहे, तसं नाही. १९६० चा जो प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे त्याच्या कलम २८ मध्ये धर्माच्या रीतीप्रमाणे जनावर मारणं गुन्हा नाही असं लिहिलंय. पण त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये विनाकारण हाल करणं, त्रास होईल असं बांधून-कोंबून नेणं हा गुन्हा आहे, आणि आपल्याकडं घोळ होतो तो बहुतेक इथंच. शहराच्या हद्दीत कत्तलखान्याबाहेर कापता येत नाही, २००१ चे नियम आहेत, त्यामुळं पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये वगैरे विचारच करू नका. गाभण शेळी किंवा तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू पण त्या नियमांत बसत नाही. शिवाय मोठ्या देवस्थानांची स्वतःची बंदी असते, मांढरदेवला २५ जानेवारी २००५ ला चेंगराचेंगरीत जवळपास ३०० माणसं गेली त्यानंतर गडावर पशुहत्या बंद झाली, सप्तशृंगीला दसऱ्याच्या बोकडाच्या वेळी २०१६ ला सलामीच्या बंदुकीचे छर्रे लागून लोक जखमी झाले, मग ते बंद, आणि २०२२ ला हायकोर्टानं परत परवानगी दिली. म्हणजे जायच्या आधी तिथं फोन करून विचारा. आमचं आपलं स्वतःच्या रानात, तरी सरपंचाच्या कानावर घातलं.

आता बोकड. आण्णांची अट एवढीच, एकरंगी काळं आणि अव्यंग, म्हणजे कान चिरलेला नको, शिंग मोडलेलं नको, खच्ची केलेलं नको. काळं म्हणलं की आमच्याकडं उस्मानाबादी जात, त्यामुळं रंगाची अडचण नव्हती. सांगोल्याचा बाजार जवळ आहे पण मी बाजारात गेलो नाही. बाजारात जनावर चार हातांतून फिरलेलं असतं, आजारी जनावरांत उभं राहिलेलं असतं, आणि विकणारा वजन वाढावं म्हणून पाणी पाजून आणतो ते वेगळंच. आईच्या माहेरच्या गावात एकजण शेळ्या पाळतो, त्याच्याकडून घेतलं, त्याच्या गोठ्यातच जन्मलेलं. दात बघायला त्यानंच शिकवलं, खालच्या जबड्यात पुढचे दोन मोठे दात आले की वर्ष-सव्वा वर्षाचं झालं, सगळे दुधाचे बारके दात असतील तर अजून लहान. बकरी ईद झाल्यावर भाव जरा उतरतो असं म्हणतात पण आखाड लागला की परत चढतो, मला जिवंत वजनावर साडेचारशे रुपये किलोनं पडलं, चोवीस किलोचं भरलं. घासाघीस केली नाही. आत्या म्हणते देवाच्या बोकडाचा भाव पाडायचा नसतो, मला तो नियम आवडला, कारण नाहीतर पाळणारा पुढच्या वेळी लंगडं, आजारी जे असेल ते गळ्यात मारणार.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं, ते आधी हसले, म्हणले कापायच्या बोकडाला तपासायला पहिल्यांदाच कुणी बोलावतंय. पण त्यांनी जे सांगितलं ते सगळ्यांच्या कामाचं आहे. नाक वाहतंय का, लेंड्या गोळीदार आहेत का पातळ, अंगात ताप आहे का (शेळीचं नॉर्मलच १०२-१०३ फॅरनहाइट असतं, हाताला गरम लागलं म्हणून घाबरू नका), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इतक्यात जंताचं औषध किंवा कसलं इंजेक्शन दिलंय का. दिलं असेल तर ठरावीक दिवस ते मटण खायचं नसतं, औषधानुसार दिवस बदलतात, पाळणाऱ्याला विचारून डॉक्टरांना सांगायचं. तुमच्याकडं डॉक्टर जवळ नसतील तर १९६२ ला फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय गाडीसाठीचा नंबर आहे तो.

आणायचं कसं यावर चुलतभावाशी वाद झाला. त्याचं म्हणणं मोटरसायकलवर मध्ये पाय बांधून टाकू, अर्ध्या तासाचं तर काम. मी नाही म्हणलं. छोटा हत्ती टेम्पो केला, खाली पेंढा टाकला, आणि शेळीवाल्यानं स्वतःहून सुचवलं की सोबत एक शेळी न्या, परत आणून द्या. कारण हे कळपातलं जनावर, एकटं पडलं की ओरडून ओरडून अर्धं होतं. त्या शेळीमुळं रात्रभर बोकड शांत होतं, रवंथ करत बसलेलं. दोन दिवस आधीच आणलं म्हणजे गाडीचा ताण उतरतो. आदल्या संध्याकाळपासून चारा बंद, पाणी मात्र शेवटपर्यंत. उपाशी ठेवायचं म्हणून नाही, पोट भरलेलं असलं की कापल्यावर आतलं सगळं मटणावर सांडतं.

पोरांनी त्याला लगेच नाव ठेवलं, बायको म्हणाली ठेवू देऊ नका, मी म्हणलं ठेवू दे, पण उद्या काय होणार आहे ते पण सांग. लपवून ठेवून दुपारी ताटात वाढणं मला नाही पटत. त्या वेळेला कुणी थांबायचं, कुणी विहिरीकडं जायचं हे पोरांवर सोडलं, माझा मुलगा विहिरीकडं गेला.

कापणारा. आमच्या गावात हे काम पिढ्यान् पिढ्या मुलाणी करतात, म्हसोबा आमचा पण सुरी त्यांची, आणि बिस्मिल्ला म्हणल्याशिवाय ते कापत नाहीत, त्यात आमच्या आज्या-पणज्यांना कधी काही खटकलं नाही, आताच्या काही पोरांना खटकायला लागलंय, त्यांना आण्णांनी एका वाक्यात गप्प केलं. भावकीतल्या एकाची हौस होती की कोयत्यानं एका घावात मुंडकं उडवायचं, तसं झालं तर शुभ म्हणे. मी विचारलं याआधी किती वेळा केलंस? एकदा पण नाही. मग कसला एक घाव. कापणाऱ्या मुलाणी चाचांच्या घरी मी आधी जाऊन आलो होतो, त्यांचे नियम त्यांनीच सांगितले: सुरीला धार जनावरासमोर लावायची नाही, दुसऱ्या जनावरासमोर कापायचं नाही (म्हणून ती शेळी आधीच लांब नेऊन बांधली), धरणारी माणसं दोनच आणि शांत, आणि जीव पूर्ण जाईपर्यंत कातडं काढायला हात लावायचा नाही. गळ्याच्या दोन्ही बाजूच्या शिरा एकदम कापल्या की काही सेकंदांत शुद्ध जाते, पाय झाडणं नंतरही चालू राहतं. कोपनहेगनला माझा मित्र असतो, तो म्हणाला तिकडं २०१४ पासून जनावराला आधी बेशुद्ध केल्याशिवाय कापताच येत नाही, आणि तिकडं थॉर-ओडिन या जुन्या देवांना नव्यानं मानणारे जे लोक आहेत त्यांचा ब्लोट म्हणजे मुळात बळीचाच विधी, पण आता बहुतेकदा मीड म्हणजे मधाची दारू ओततात. आपल्याकडं रानात बेशुद्ध करायची सोय कुठली, मग राहतं काय तर हात आणि धार.

एका गोष्टीवर मी अडून बसलो. पूजा झाली की बोकडाच्या अंगावर पाणी मारतात आणि त्यानं अंग झाडलं की देवानं मान्य केलं. ग्रीक लोक पण बळीच्या डोक्यावर पाणी शिंपडायचे म्हणे. पण आमच्यात त्यानं लवकर झाडलं नाही की लोक कान ओढतात, बादलीच ओततात, एकदा तर दारूचे शिंतोडे मारलेले मी लहानपणी बघितलेत. म्हणजे देवाला विचारायचं आणि उत्तर आपणच ओढून काढायचं. या वेळी तांब्याभर पाणी, हातानं शिंपडायचं, आणि थांबायचं. थांबलो. लोक कुजबुजायला लागले, बोकड इकडं तिकडं बघतंय, मग झाडलं एकदाचं. नसतं झाडलं तर? आत्याला आधीच विचारून ठेवलं होतं, ती म्हणाली सोडून द्यायचं आणि कोहळा आणायचा. कोहळा गाडीत होता.

पुढचं फार सांगत नाही, चोवीस किलोच्या बोकडाचं साधारण साडेअकरा किलो मटण निघालं. काळीज भाजून पहिला नैवेद्य, वजडी धुवायला जाणती माणसं लागतात ती आधी ठरवा, रक्ती, मुंडी, पाया, काहीही वाया गेलं नाही, पोटातली घाण खड्डा काढून पुरली नाहीतर रात्रीत कुत्री उकरतात. कातड्याला आता काही भाव नाही, चाचांनीच नेलं. आमच्यात शिजलेलं शेताबाहेर न्यायचं नाही, दिवस मावळायच्या आत तिथंच संपवायचं, त्यामुळं माणसं हिशोबानं बोलवा, साठ-सत्तर जणांना रस्सा आणि भाकरी धरून पुरलं.

अजून एक बदल केला तो सांगतो. आधी मुंडी आणि पाय गावातल्या ठरावीक घरांचा हक्क म्हणून द्यायचे आणि त्याच माणसांना जेवायला लांब बसवायचे. हक्क कसला, बळीचं जनावर देवाचं म्हणायचं आणि पंगत जातीची. या वेळी वाटे नाहीत, सगळं एका पातेल्यात, एकच पंगत. दोन म्हातारी माणसं उठून गेली, जाऊ दिलं. तात्यांची गोडी चूल वेगळी होती, शिरा आणि वरण-भात, पुतणी तिथंच जेवली आणि शेळी परत पोचवायला गाडीत बसून गेली.

पुढच्या खेपेची पाळी चुलतभावाची आहे. आत्या त्याच्या आधी कौल लावणार म्हणते, कोहळ्याचा लागला तर कोहळा. बोकडाचाच लागला तर मी त्याला डॉक्टरांचा नंबर आणि छोटा हत्तीवाल्याचा नंबर देऊन ठेवलाय, आणि चाचांची तारीख आखाड लागायच्या आधीच घे म्हणून सांगितलंय, कारण त्या महिन्यात त्यांना रोज दोन-तीन रानांत जावं लागतं आणि मग घाईत काम होतं.