घरी मराठी बंद करू का? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर, प्रश्न तोच असतो. "अडीच वर्षांचा झाला, अजून बोलत नाही. घरात मराठी, सांभाळायला येणाऱ्या मावशींची हिंदी, प्लेग्रुपमध्ये इंग्रजी. गोंधळत असेल ना? घरी मराठी बंद करू का?"

मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे. माझं उत्तर "नको" असतं आणि ते कुणाला पटत नाही, कारण शेजारच्या काकूंपासून शाळेतल्या टीचरपर्यंत सगळ्यांनी उलटं सांगितलेलं असतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी माझ्याच विरोधात जाणारी गोष्ट सांगून टाकते. दोन भाषांत वाढणारं मूल एकेका भाषेत मागे दिसू शकतं. एरिका हॉफ आणि सहकाऱ्यांनी दक्षिण फ्लोरिडातल्या स्पॅनिश-इंग्रजी घरांतली २२ ते ३० महिन्यांची मुलं पाहिली. २०१२ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात ही मुलं नुसत्या इंग्रजीत एकभाषी मुलांच्या मागे होती. दोन्ही भाषांचे शब्द मिळवले की बरोबरीला येत होती. जागेपणीचे तास अकरा-बाराच, ते दोन भाषांत वाटले जाणार. त्यामुळे "काहीच फरक पडत नाही" असं कुणी सांगत असेल तर तेही खरं नाही. फरक पडतो, पण तो आजार नसतो. एकाच भाषेत मोजून जो आकडा येतो, तो अर्ध्या मुलाचा असतो.

मोजायचं कसं, ते सांगते. वहीत दोन रकाने करा, तीन भाषा असतील तर तीन. मूल स्वतःहून, त्याच वस्तूसाठी, निदान तीनदा वापरतं तोच शब्द लिहायचा. उच्चार बोबडा चालेल: "केळं"चं "केलं" झालं तरी शब्द धरायचा. "भू भू" आणि "हम्मा"सुद्धा धरायचे. वन-टू-थ्री घडाघडा म्हणणं, कार्ड दाखवल्यावर "अ‍ॅपल" म्हणणं आणि समोर सफरचंद आलं की गप्प बसणं, हे धरायचं नाही (यावर सर्वाधिक भांडणं होतात). मग दोन्ही रकाने जोडून पाहा: "पाणी" आणि "वॉटर" दोन्ही येत असतील तर शब्द दोन, पण संकल्पना एक. बार्बरा पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी मायामीतल्या मुलांवर अशी मोजणी करून १९९३ साली ती छापली. म्हणजे हे काही कालचं फॅड नाही. दोन वर्षांच्या मुलाकडून ढोबळमानाने पन्नास शब्द आणि दोन शब्दांची जोडणी आम्ही अपेक्षित धरतो, आणि ती सगळ्या भाषा मिळून.

आता माझी एक जुनी फाईल. सुरुवातीच्या काळात मीही "घरात एकच भाषा ठेवा" असं लिहून देत असे, त्यातली ही एक.

मुलगा दोन वर्षं नऊ महिन्यांचा. आईबाबा दोघंही नोकरीला. साडेनऊ ते बारा प्लेग्रुप, त्यानंतर संध्याकाळी सातपर्यंत आजी. दुपारची झोप वजा केली तर आजीच्या वाट्याला रोजचे साडेचार तास येत, आणि आजीला मराठीशिवाय काही येत नव्हतं. तपासणी मी इंग्रजी चित्रांवर केली, कारण घरच्यांनी "आम्ही इंग्लिशच वापरतो" असं सांगितलं होतं. अकरा शब्द मिळाले, बहुतेक रंग आणि फळं. "दोन शब्द जोडत नाही" असा शेरा मारला आणि खाली सल्ला लिहिला: शाळेची भाषा इंग्रजी, घरातही तीच ठेवावी. आजी सोबत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मग मी काय बोलू याच्याशी?" मी त्यांना सोपे इंग्रजी शब्द शिकून घ्यायला सांगितलं.

सहा महिन्यांनी ते परत आले. मुलगा आणखी शांत झालेला. या वेळी दोन रकाने केले: मराठी ३४, इंग्रजी २३, त्यांत ९ संकल्पना सामाईक. म्हणजे शब्द ५७, संकल्पना ४८. सव्वातीन वर्षांच्या मुलाला हे कमीच. त्याला खरोखरच उशीर होता, तो दोन भाषांनी आणलेला नव्हता आणि एक भाषा काढून जाणारही नव्हता.

मग बाबांनी फोनमधला जुना व्हिडिओ दाखवला, माझ्या पहिल्या तपासणीच्या दोन महिने आधीचा. गॅलरीत आजीच्या कडेवर मुलगा. कावळा उडतो: "काऊ गेला." चिमणी उडते: "चिऊ गेली." वरून विमान जातं: "मिमान गेलं." दोन शब्द जोडलेले होतेच, वर ला-ली-लं तिन्ही जागच्या जागी. आजीचं ऐकून पाठ झालं असेल, असं मला आधी वाटलं. पण पुढे खालून बस जाते आणि तो म्हणतो, "बस गेला." चूक आहे. मात्र त्या घरात कुणी "बस गेला" म्हणत नाही; म्हणजे ते वाक्य त्यानं स्वतः जुळवलं होतं. एकतीस महिन्यांचं मूल मराठीचं व्याकरण लावून पाहत होतं, आणि मी ते बंद करायला लिहून दिलं होतं. आता चिमणी उडाली की तो "बर्ड बाय-बाय" म्हणत होता.

तेव्हाच्या माझ्याशी मी अजून वाद घालते. तिचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं: मुलाला जड जातंय, तास मोजके आहेत, ते एकाच भाषेत घाला. फक्त भाषा बदलली की माणूस बदलत नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही. आजीचे साडेचार तास इंग्रजीच्या खात्यात जमा झाले नाहीत. ते टीव्हीवरच्या बालगीतांत गेले. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाचा सिएटलमधला २००३ सालचा प्रयोग या संदर्भात आठवावा असा आहे: अमेरिकन घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांनी समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बारा बैठकांत मँडरिन या चिनी भाषेतले ध्वनिभेद उचलले, तेच पडद्यावरून दाखवल्यावर काही उचललं नाही. आईबाबा अडखळत "कम, ईट, नो, गुड बॉय" म्हणतात तेव्हाही असंच नुकसान होतं. पोह्यांत लिंबू का पिळायचं, हे ज्या भाषेत तुम्ही न अडखळता सांगू शकता, ती भाषा मुलासाठी श्रीमंत.

आणि खरा भाषाविकार असेल तर? मॉन्ट्रिअलची सात वर्षांच्या आसपासची फ्रेंच-इंग्रजी मुलं घेऊन जोहान पॅराडिस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली हेच पाहिलं. विकार असलेली द्विभाषी मुलं आणि तोच विकार असलेली एकभाषी मुलं क्रियापदांच्या काळात सारखीच अडखळत होती. दुसऱ्या भाषेनं ओझं वाढवलं नव्हतं. गट लहान होता, द्विभाषी मुलं आठच, हे खरं. पण डाउन सिंड्रोम आणि स्वमग्नता असलेल्या मुलांच्या नंतरच्या अभ्यासांतही चित्र याच दिशेचं आहे.

"दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो" असे फॉरवर्ड मला पाठवू नका. १९२३ साली वेल्समध्ये सेअर यांनी द्विभाषी मुलं बुद्धीनं कमी ठरवली. फरक खेड्यातल्या मुलांतच दिसला, शहरांत नाही, तरी दोष भाषेच्या माथी बसला. १९६२ साली पील आणि लँबर्ट यांनी मॉन्ट्रिअलमध्ये दहा वर्षांची मुलं घरची परिस्थिती जुळवून घेऊन तपासली, तेव्हा द्विभाषी पुढे निघाली. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. फायदा दाखवणारे निष्कर्ष छापून येण्याची शक्यता जास्त असते, हे आंजेला डी ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवून दिलं. मराठी टिकवायला बुद्ध्यांकाची लालूच कशाला हवी?

उलट्या बाजूच्या लोकांवरही माझा राग आहे. "घरात तीन भाषा आहेत ना, बोलेल हो" म्हणत दोन वर्षं काढणारे. बारा महिन्यांपर्यंत "बाबाबा", "दादादा" अशी बडबड नाही, बोट दाखवणं नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत जोडणी नाही. किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात गळायला लागले, तर भाषा किती आहेत हे बघत बसायचं नाही. पहिली तपासणी कानांची. "हाक मारली की बघतो" हा श्रवणाचा पुरावा नव्हे. मधल्या कानात पाणी साचलेलं मूलही हाकेला वळतं. ऑडिओलॉजिस्टकडे जा, लागली तर बेरा टेस्ट (आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का, ते पाहणारी) करा, मग माझ्याकडे या. प्लेग्रुप सुरू झाल्यावर तिथे काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहणं मात्र वेगळं. घरी आपल्या भाषेत तो बोलत असेल तर थांबता येतं.

त्या मुलाच्या घरी मराठी परत सुरू झाली. सगळं फिरून आलं असं नाही. पाचव्या वर्षीही तो मागेच होता, आणि शाळेनं त्याला जोखलं ते इंग्रजीतच. तेव्हाची मी इथे मान वर करते: बघ, सांगत होते ना? तिला मी अजून पुरतं गप्प करू शकलेले नाही.

तर यायचं असेल तर रकान्यांची वही आणा आणि फोनमधले मागच्या सहा महिन्यांचे व्हिडिओ आणा, वाढदिवसाचे नकोत, जेवतानाचे आणि गॅलरीतले. दिवसभर मुलाजवळ जे कुणी असतं त्यांनाही घेऊन या. बहुतेक घरांत ती आजी असते.