अंडर-१६ ट्रायल: नेटमधल्या तीस चेंडूंत काय दिसतं आणि काय नाही

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की ठाणे आणि नवी मुंबईतल्या मैदानांवर ट्रायलचा हंगाम सुरू होतो. शंभर-सव्वाशे पोरं, तीन-चार नेट, दोन-तीन सिलेक्टर आणि ऊन चढायच्या आत सगळं उरकायची घाई. अशा सकाळी सगळी भिस्त सिलेक्टरच्या नजरेवर असते. नजर लागतेच, पण ट्रायलची आखणी कच्ची असली तर मुरलेली नजरही फसते, कारण तिच्यासमोर जे येतं त्यातलं निम्मं नशिबाने ठरलेलं असतं. त्यामुळे आधी आखणी.

१२० मुलांत साधारण ४८ बॅट्समन धरा. चार नेट असतील तर एका नेटला १२. प्रत्येकाला सहा मिनिटं आणि आत-बाहेर व्हायला एक मिनिट, म्हणजे ८४ मिनिटांत बॅटिंग संपते. तीन बॉलर आलटून पालटून टाकत असतील तर सहा मिनिटांत पंचवीस ते तीस चेंडू मिळतात. याच्या खाली जाऊ नका. दहा चेंडूंत ज्याला दोन हाफव्हॉली मिळाल्या तो चमकतो आणि ज्याला दोन यॉर्कर मिळाले तो घरी जातो. नेटबाहेर पुढचे दोघे पॅड बांधून उभे असले पाहिजेत. ते नसतील तर तो एक मिनिट तीन मिनिटांचा होतो आणि शेवटच्या दहा मुलांच्या वाट्याला जेमतेम दोन ओव्हर येतात.

चेंडूचंही तसंच. पहिल्या मुलाला कोरा सीझन बॉल (कातडी चेंडू) आणि बाराव्याला शिवण झिजलेला, लिबलिबीत झालेला बॉल, असं चालतं बऱ्याच ठिकाणी. प्रत्येक नेटमध्ये एक नवा, एक दहा-बारा ओव्हर खेळलेला आणि एक जुना चेंडू ठेवा आणि मध्यावर नवा बदला. विकेट कुठली हेही शीटवर लिहायला हवं. सिमेंटवर किंवा अॅस्ट्रोवर (कृत्रिम गवतावर) चेंडू घसरत अंगावर येतो, मॅटवर उसळी जास्त मिळते आणि फिरकी पकड घेते. टर्फवर, म्हणजे मातीच्या विकेटवर, सकाळी सातला दमट हवेत चेंडू हलतो, साडेनऊला त्याच जागी काही होत नाही.

म्हणूनच मुलांना आडनावाच्या क्रमाने बोलावू नका. चिठ्ठ्या टाका, फक्त लांबून येणाऱ्यांना पहिला गट देऊ नका. कसारा, कर्जत किंवा डहाणूच्या बाजूने येणारं पोर पहाटेच्या लोकलमध्ये किट बॅग सांभाळत उभं राहून आलेलं असतं. त्याला अर्धा तास श्वास घेऊ द्या, काहीतरी खाऊ द्या. शार्दूल ठाकूर पालघरहून लोकलचा प्रवास करतच मोठा झाला. अशा मुलाला उशीर झाला म्हणून गेटवरून परत पाठवणारी ट्रायल स्वतःचंच नुकसान करून घेते.

छातीवर आणि पाठीवर मोठे नंबर लावा आणि सिलेक्टरच्या शीटवर फक्त नंबर ठेवा. नाव, क्लब, कोचचं नाव काही नको. दोन सिलेक्टरांनी वेगवेगळं लिहावं आणि सगळं संपेपर्यंत एकमेकांशी बोलू नये. यातला दुसरा भाग पाळला जात नाही, कारण चहा तिथेच येतो. पहिल्या आठ-दहा मुलांचे गुण नेहमीच बिघडतात. तेव्हा मोजपट्टीच तयार झालेली नसते. शेवटी त्यांना पुन्हा दोन-दोन ओव्हर द्या. पालकांसाठी नेटपासून तीस मीटरवर दोरी बांधा. "पाय काढ, पाय काढ" हे वडिलांनी ओरडल्यावर काढलेला पाय मुलाचा नसतो.

आता बॅटिंग. पहिल्या सहा चेंडूंत फटके बघू नका. डोकं बघा. चेंडू सुटताना डोकं स्थिर आहे का, फ्रंटफूटवर जाताना ते ऑफ साइडला कलतंय का. कललं तर तो सरळ चेंडू लेगला ओढणार आणि पुढच्या पातळीवर एलबीडब्ल्यू होत राहणार. हा दोष सुधारता येतो, पण वेळ लागतो. दुसरं, तो कुठले चेंडू सोडतो. नेटमध्ये चेंडू सोडणाऱ्या मुलाला धाडस लागतं, कारण सहा मिनिटांत दिसायचं तर मारावं लागतं हे प्रत्येकाला सांगितलेलं असतं. तरीही जो ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू बॅट वर उचलून शांतपणे जाऊ देतो, त्याला आपला ऑफ स्टंप कुठे आहे ते माहीत असतं. त्याच्या नंबरापुढे खूण करा. तिसरं, बोल्ड झाल्यावरचा चेंडू. नेटमध्ये दांडी गुल झाली तरी पुढचा चेंडू मिळतोच. काही मुलं तो आडव्या बॅटने भिरकावतात, काही जण गार्ड पुन्हा घेतात.

ठाणे-नवी मुंबईत एक गोष्ट हमखास भेटते, ती म्हणजे टेनिस बॉलवर वाढलेला मुलगा. सोसायटीत आणि जाळीच्या टर्फवर रोज खेळलेला. टेनिस चेंडूचं वजन ५८ ग्रॅमच्या आसपास आणि सीझन बॉलचं १५६ ते १६३ ग्रॅम, म्हणजे पावणेतीन पट. टेनिसवर चेंडू मऊ, उसळी उंच. त्यामुळे पुढचा पाय लेगला टाकून जागा करायची, बॅट गलीकडून खाली आणायची आणि हात ताठ ठेवून उचलायचं, हे अंगात भिनतं. सीझन बॉलवर हेच हात ताठ राहिले की स्लिपला झेल जातो. अनेक सिलेक्टर अशा मुलाला दोन मिनिटांत बाद करतात. माझ्या मते ही सर्वात महागडी चूक. त्याच्या हातांचा वेग, लेन्थ ओळखायची चपळाई आणि थ्रो हे सहसा अकादमीतल्या नीटनेटक्या मुलापेक्षा सरस असतात. तंत्र दोन हंगामांत बसवता येतं, हातांचा वेग तितका बसवता येत नाही. त्याला नेटमध्येच एक सूचना द्या, "पुढचे सहा चेंडू फक्त सरळ बॅटने, जमिनीवरून." सहाव्या चेंडूपर्यंत काही बदललं तर मुलगा शिकणारा आहे.

आणि धावांचे आकडे? पालक मोबाइल पुढे करतात, अॅपवर शतकं दिसतात. त्यात टेनिस किती, सीझन किती, समोर कोण, मैदान केवढं, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला आणि समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत संपला. इतका वेळ न कंटाळता मारत राहणं ही मुलाची खरी कमाई. पण ३१ आणि ५२ हे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय १००९ वाचता येत नाही.

फास्ट बॉलरसाठी स्पीड गन आणली असेल तर ती धरायची जागा बॉलरच्या मागे किंवा बॅट्समनच्या मागे, चेंडूच्या रेषेत. नेटच्या कडेला उभं राहून तिरकी धरली की आकडा पडतो. २५ अंशांचा कोन झाला तर ११० किलोमीटरचा चेंडू १०० दाखवतो आणि त्या मुलाला मीडियम पेसर म्हणून लिहिलं जातं. गन नसेल तर मोबाइलवर २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ बाजूने काढा आणि हातातून सुटल्यापासून बॅट्समनच्या क्रीझपर्यंतच्या फ्रेम मोजा. ११०च्या आसपासच्या चेंडूला साधारण ०.६ सेकंद लागतात, म्हणजे १४४ फ्रेम. एक-दोन फ्रेम चुकल्या तरी एका टक्क्याची गफलत. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत हेच १८ फ्रेममध्ये येतं, तिथे एक फ्रेम चुकली की सहा किलोमीटर इकडेतिकडे. म्हणून त्या भानगडीत पडू नका.

वेगापेक्षाही अॅक्शन जपून बघा. कंबर बाजूला आणि खांदे समोर, मग खांदे उलट फिरून परत, अशी मिश्र अॅक्शन असेल तर पाठीच्या खालच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चरचा धोका असतो आणि वाढत्या वयात तो जास्त. असा मुलगा निवडा, पण शीटवर लिहून निवडा. भट्टा, म्हणजे कोपर सरळ करत चेंडू फेकणं, वाटला तर तेही लिहा. कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होतंय की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा शिक्का मारू नका, बाजूने आणि मागून व्हिडिओ घ्या. ट्रायलच्या दिवशी किती टाकायला लावता यालाही मर्यादा हवी. इंग्लंडच्या बोर्डाची अनेक वर्षांची मार्गदर्शक मर्यादा १४-१५ वर्षांच्या फास्ट बॉलरसाठी एका स्पेलला सहा आणि दिवसाला १२ ओव्हर अशी होती. आपल्याकडे नेटमध्ये बॉलर कमी पडले की तेच चार जण दोन तास टाकत राहतात. ओव्हर कोणीच मोजत नसल्यामुळे ते लक्षातही येत नाही.

नेटमध्ये सगळ्यात जास्त अन्याय स्पिनरवर होतो, त्यातही लेगस्पिनरवर. वर जाळी असली तर फ्लाइट, म्हणजे चेंडूला हवेत उंची, द्यायला भीती, फील्ड नाही म्हणून प्रत्येक उचललेला फटका सिक्स वाटतो आणि बॅट्समनला बाद व्हायची फिकीर नसते. मग पोरगं घाबरून सपाट टाकायला लागतं आणि सिलेक्टर लिहितो, "टर्न नाही." स्पिनरला नेटबाहेर काढा. मोकळ्या विकेटवर कीपर, एक बॅट्समन आणि फील्डच्या जागी खुणेचे सहा शंकू, असे तीन ओव्हर द्या. चेंडू किती वळला त्याआधी तो हवेत किती फिरतोय ते बघा. एका बाजूला शाईने पट्टा रंगवलेला चेंडू दिला की फिरकी लगेच कळते. चांगला फिरवलेला चेंडू शेवटच्या टप्प्यात अचानक खाली येतो आणि बॅट्समन फ्रंटफूटवर पोहोचूनही अडकतो. हे दिसलं तर एका ओव्हरमध्ये दोन फुलटॉस पडले तरी चालतील. पंधराव्या वर्षी अचूक पण न फिरवणारा स्पिनर अठराव्या वर्षीही बहुधा तसाच राहतो.

विकेटकीपर तर नेटमध्ये दिसतच नाही. त्याच मोकळ्या विकेटवर स्पिनर टाकत असताना त्याला स्टंपजवळ उभा करा आणि बॅट्समनला मुद्दाम बॅट फिरवून चेंडू चुकवायला सांगा. चेंडू टप्पा घेईपर्यंत कीपर बसून राहतो का, की आधीच उठतो, एवढं बघितलं तरी अर्धं काम झालं.

मोजमापाची एक गोष्ट अमेरिकेतल्या बेसबॉलकडून उचलण्यासारखी आहे. तिथे हायस्कूलच्या खेळाडूंचे शोकेस (स्काउटांना खेळ दाखवायचे मेळावे) भरतात तेव्हा प्रत्येक मुलाला तेच करायला लावतात. ६० यार्ड धाव, ठरलेल्या जागेवरून थ्रो, कॅचरने (तिथल्या विकेटकीपरने) चेंडू पकडल्यापासून ३८.८ मीटरवरच्या सेकंड बेसला पोहोचेपर्यंतची वेळ. मोठ्या लीगमध्ये ही वेळ दोन सेकंदांच्या आसपास असते. आपल्याकडे ५० मीटरवरून कीपरच्या ग्लव्हमध्ये पाच थ्रो, दहा झेल आणि पॅड-बॅटसह दोन धावांची वेळ, एवढं प्रत्येकाचं घेता येईल. वळताना बॅट क्रीझच्या आत टेकते का, चेंडूकडे तोंड करून वळतो का, हे आपोआप दिसतं. तिथले स्काउट २० ते ८० च्या पट्टीवर गुण देतात, ५० म्हणजे मोठ्या लीगमधला सरासरी खेळाडू, आणि प्रत्येक कौशल्याला दोन आकडे लिहितात, आजचा आणि पुढचा. आपल्या शीटवर हा दुसरा रकाना नसतो.

तो रकाना भरताना वय समोर हवं. वयोगटाची तारीख १ सप्टेंबर धरली तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जन्मलेला मुलगा जुलैतल्या मुलापेक्षा दहा महिने मोठा असतो आणि चौदाव्या वर्षी दहा महिने म्हणजे कधीकधी तीन-चार इंच उंची. वयचोरी पकडायला बीसीसीआय डाव्या मनगटाचा एक्स-रे घेऊन हाडांचं वय बघतं, पण खरं वय असलेल्यांतली ही तफावत त्यात पकडली जात नाही. म्हणून गुण लिहून झाल्यावरच जन्ममहिना उघडा आणि उंची व बुटाचा नंबर शेजारी लिहा. अंगाने लहान पण पाय मोठे असलेला मुलगा सहसा अजून वाढायचा असतो.

निकाल दोन दिवसांत लावा आणि न निवडलेल्यांपैकी ज्यांचा पुढचा आकडा आजच्यापेक्षा बराच मोठा आहे, अशा दहा-बारा जणांना दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा बोलावणार असल्याचं त्यांच्या पालकांना त्याच दिवशी कळवा. त्यांचे व्हिडिओ नंबरसकट जपून ठेवा, म्हणजे नोव्हेंबरमध्ये शेजारी शेजारी लावून बघता येतील.