ई-एमटीबी: न्यूटनमीटर सोडून बाकी सगळं

ई-एमटीबी, म्हणजे मोटरची साथ असलेली डोंगरी सायकल, घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मोटर किती न्यूटनमीटरची, म्हणजे तिचा पिळाचा जोर (टॉर्क) किती? ठाणे-नवी मुंबईत चालवायची असेल तर हा प्रश्न चौथ्या-पाचव्या नंबरवर ढकला. चांगली मिड-ड्राइव्ह, म्हणजे पेडलपाशी बसवलेली, मोटर आपल्याकडच्या चढांना पुरून उरते. कमी पडतात ते ब्रेक, चेन, टायर आणि पाणी अडवणारी सीलं. खिशाला चाट बसते तीही तिथेच.

आधी एक गोंधळ मिटवू. जाड टायर, पुढे शॉकअप आणि मागच्या चाकात मोटर अशा सायकलीही दुकानात ‘ई-एमटीबी’ म्हणूनच विकल्या जातात. कोलशेत ते स्टेशन असा रोजचा प्रवास त्या निमूट करतात. पण चाकातली ही हब मोटर चाकाच्या वेगाशी बांधलेली असते. खड्या चढावर चाक हळू फिरलं की मोटरही हळू फिरते, करंट वाढतो आणि ती तापते. तुम्ही गिअर हलका केलात तर आराम तुमच्या पायांना, मोटरला नाही. मिड-ड्राइव्हची ताकद क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यांच्या आसावर, लागते आणि चेनमधून मागे जाते, त्यामुळे गिअर तिलाही उपयोगी पडतो. दुसरा फरक सेन्सरचा. पेडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणारा सेन्सर मोटर उशिरा आणि एकदम सुरू करतो. डांबरावर ते चालून जातं, सुट्या मुरमावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर नसेल तर ती सायकल डोंगरावर नेऊ नका.

आता आकडे. शिमानो ईपी8 आणि यामाहा पीडब्ल्यू-एक्स3 या दोन्ही 85 न्यूटनमीटरच्या. चौथ्या पिढीची बॉश परफॉर्मन्स लाइन सीएक्सही तेवढ्याचीच. टीक्यू एचपीआर50 सारखी हलकी मोटर 50 ची, तर डीजेआयची अव्हिनॉक्स एम1 105 ची. पण टॉर्क म्हणजे ताकद नव्हे, तो पेडलच्या वेगाने गुणावा लागतो. मिनिटाला 60 फेऱ्यांना 85 न्यूटनमीटर म्हणजे साधारण 534 वॅट. सीएक्सची कमाल ताकद 600 वॅटच्या आसपास, म्हणजे ती 67 फेऱ्यांच्या पुढेच पूर्ण मिळते. जड गिअरमध्ये 45-50 फेऱ्यांनी रेटत चढणारा माणूस मोटरकडून टॉर्क पूर्ण मागतो, पण ताकद दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांशच घेतो. करंट मात्र पूर्ण वाहतो आणि गुंडाळी तापवतो. एप्रिल-मे महिन्यात खारघरच्या टेकडीवर दुपारी असं केलंत तर मोटर स्वतःला वाचवायला ताकद उतरवते आणि बिघाड झाला असं वाटतं. बिघाड काही नसतो. दोन गिअर हलके करा, 75 ते 85 फेरे ठेवा, टर्बोऐवजी मधला मोड लावा.

बॅटरीचा हिशेब किलोमीटरमध्ये करू नका, चढाच्या मीटरमध्ये करा. स्वार, सायकल, पाणी, हत्यारं मिळून 100 किलो धरले तर 100 मीटर उंची चढायला 27 वॅट-तास ऊर्जा लागते. त्यातला दोन तृतीयांश वाटा मोटरचा धरला आणि मोटर-कंट्रोलरमधली गळती मिळवली, तर बॅटरीतून 23-24 वॅट-तास जातात. वर मातीचा रोध आहेच. तेव्हा 625 वॅट-तासाच्या बॅटरीवर सतत जास्तीचा मोड लावून 1200 ते 1500 मीटर चढ हा प्रामाणिक अंदाज. पाम बीच रोडसारख्या सपाट रस्त्यावर मात्र तुम्ही ताशी 25 च्या वर असाल तर मोटर बंदच असते. तिथे बॅटरी वाचते आणि 24 किलोची सायकल तुम्ही स्वतःच्या पायांनी ओढता.

चार्जिंगमध्ये आपल्या हवेचा फटका बसतो. चार्जिंगसाठी 0 ते 40 अंश ही मर्यादा असते. उन्हात राइड करून आलेली बॅटरी आतून त्याहून गरम असू शकते, म्हणून ती तासभर सावलीत ठेवून मगच प्लग लावायचा. चार ॲम्पिअरच्या चार्जरने 625 ची बॅटरी भरायला पाचएक तास लागतात, त्यामुळे रात्री लावून झोपायचा मोह होतो. तो टाळा, आणि फ्लॅटच्या मुख्य दारापाशी तर कधीच लावू नका. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. सोसायटीच्या पार्किंगमधला पॉइंट वापरणार असाल तर कमिटीची परवानगी घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि वॉचमनला सांगून ठेवा.

परदेशी सायकल स्वस्तात मिळतेय म्हणून घेणाऱ्यांना एकच सांगणं आहे: बॅटरी इथे मिळते का ते आधी विचारा. 160 वॅट-तासावरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात सामानातून नेता येत नाही, ना केबिनमध्ये, ना चेक-इनमध्ये. सुटी बॅटरी विमानाने आणायची तर ती मालवाहू विमानातून, धोकादायक माल म्हणूनच येते आणि त्याचा खर्च जबर असतो. ‘भाऊ अमेरिकेहून आणेल’ हा बेत विमानतळावरच संपतो.

चेन हा या सायकलीतला सगळ्यात सोसणारा भाग. तुमच्या पायांची आणि मोटरची ताकद एकाच चेनवर येते, आणि साध्या एमटीबीसाठी घडवलेल्या बारीक 12-स्पीड चेनला ते झेपवावं लागतं. ती तुटते बहुतेक वेळा एकाच क्षणी: चढाच्या मध्यावर, पूर्ण जोर असताना गिअर बदलताना. उपाय सवयीचा आहे. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर हलका करा. मध्येच बदलावा लागला तर अर्धा फेरा पायाचा जोर काढा, पेडल फिरत राहू द्या, आणि एका वेळी एकच गिअर. चेन मोजायची पट्टी स्वस्त असते, ती घरी ठेवाच. 11 आणि 12-स्पीड चेन 0.5 टक्के ताणली गेली की बदलायची. 0.75 पर्यंत थांबलात तर ती कॅसेटचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचे, दात घेऊन जाते, आणि मग नवी चेन जुन्या दातांवर घसरू लागते. कॅसेटची किंमत चेनच्या कितीतरी पट असते.

शिमानोची लिंकग्लाइड मालिका या झिजेचा विचार करूनच आली. दात जाड, गिअर जरा संथ बदलतो, पण टिकतो. 11-स्पीडपर्यंतच आहे म्हणून तिला कमी समजणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते आपल्या धुळीसाठी 12-स्पीडपेक्षा तीच शहाणी निवड. फक्त तिची कॅसेट, चेन सरकवणारा डिरेलर आणि हँडलवरचा शिफ्टर एकाच मालिकेतले हवेत, जुन्या हायपरग्लाइड भागांशी ते जुळत नाहीत. राइडला जाताना सुटी क्विक-लिंक आणि चेन तोडायचं छोटं हत्यार बॅगेत असू द्या. ई-एमटीबी ढकलत घरी आणणं म्हणजे काय ते एकदा ढकललं की कळतं.

ब्रेककडे लोक दुर्लक्ष करतात, कारण दुकानात चालवून बघताना सगळेच ब्रेक चांगले लागतात. साध्या एमटीबीपेक्षा ही सायकल दहाएक किलोने जड आणि उतारावर वेग लवकर धरते. पुढे-मागे चार पिस्टनचे कॅलिपर आणि 203 मिलिमीटरचे रोटर (ब्रेकच्या तबकड्या) हा किमान पाया धरा, वजन 90 किलोच्या पुढे असेल तर पुढे 220. नवे पॅड टाकले की ते बसवावे लागतात. सपाट रस्त्यावर ताशी 20 च्या आसपास वेग घेऊन चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक दाबायचा, पूर्ण थांबायचं नाही, असं वीसेक वेळा. मग ताशी 30 च्या वेगाने दहा वेळा. हे न करता थेट उतारावर गेलात तर पॅडचा वरचा थर भाजून चकचकीत होतो, ब्रेक किंचाळतो आणि धरतही नाही. असा पॅड सपाट पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासून पुन्हा बसवता येतो, पण तेल लागलेला पॅड फेकून द्या.

पावसाळ्यात रेझिन पॅड चिखलात बघता बघता संपतात, म्हणून जून ते सप्टेंबर धातूचे, म्हणजे सिंटर्ड पॅड घाला. आवाज जास्त करतात, चालतं. रोटर त्यांना चालतो का ते मात्र त्यावरच लिहिलेलं वाचा. काही स्वस्त रोटर फक्त रेझिनसाठी असतात. शिमानोचा रोटर 1.8 चा झिजून 1.5 मिलिमीटरवर आला की बदलायचा, पॅडचा थर 0.5 मिलिमीटर उरला की पॅड.

ब्रेकच्या तेलात तर गफलत करूच नका. शिमानो आणि मगुरा मिनरल ऑइलवर चालतात, स्रॅमचे बरेच ब्रेक डॉट 5.1 वर, पण 2024 चा स्रॅम मेवन मिनरल ऑइलवर. चुकीचं तेल घातलं तर सीलं फुगतात किंवा आकसतात आणि अख्खा ब्रेक जातो. डॉट तेल हवेतलं पाणी शोषतं. कोरडं असताना ते किमान 260 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलं झालं की ती मर्यादा 180 वर येते. खाडीकाठच्या दमट हवेत ते दर वर्षी पावसाळा संपला की बदलायचं. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, पण आत शिरलेलं पाणी सगळ्यात खाली, म्हणजे कॅलिपरमध्ये जाऊन बसतं आणि 100 अंशांना उकळतं. लांब उतारावर लिव्हर अचानक हँडलला टेकला तर बहुधा कारण हेच.

टायरचं थोडक्यात. पुढे मऊ रबर, मागे जरा कडक, कारण घोडबंदर रोडवरून डांबर तुडवत डोंगरापर्यंत जाताना मागचा मऊ टायर पेन्सिल शार्पनरमध्ये घातल्यासारखा संपतो. मागे जाड केसिंग घ्या, बेसॉल्टच्या कडा बाजू फाडतात. 75 किलोच्या स्वाराला 2.4 ते 2.6 इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे 20-22, मागे 23-26 पीएसआय. सीलंट 100-120 मिलिलिटर, आणि आपल्या उकाड्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. व्हॉल्व्ह उघडून काडी घालून बघा, कोरडी आली तर भरा. शेवाळलेल्या खडकावर मात्र कुठलाच टायर धरत नाही, तिथे उतरून चाला.

सस्पेन्शनची हवा दुकानदाराने भरली तशीच ठेवू नका. हेल्मेट, बॅग, पाणी सगळं घेऊन सायकलवर बसा, शॉकच्या दांड्यावरची रबरी कडी सीलपाशी आणा, न उसळता हळूच उतरा आणि मोजा. मागच्या शॉकचा स्ट्रोक 65 मिलिमीटर असेल तर 30 टक्के म्हणजे 19-20 मिलिमीटर खाली गेला पाहिजे. पुढे 160 च्या फोर्कला 18 टक्के म्हणजे 29. कमी गेला तर हवा काढा, जास्त गेला तर भरा, एका वेळी 5 पीएसआय. मुरमाची बारीक धूळ वायपर सीलमध्ये शिरते, त्यामुळे फोर्कच्या खालच्या नळ्यांची सफाई आणि तेल बदलणं दर 50 तासांनी, हे सस्पेन्शन बनवणाऱ्या रॉकशॉक्सचं वेळापत्रक इथे अगदी खरं ठरतं.

पण मोटरला मारतं ते पाणी. बॉशच्या बऱ्याच मोटरवर आयपी54 लिहिलेलं असतं, म्हणजे धूळ आणि शिंतोडे, बुडवणं नाही. खारघरचे ओहोळ असोत की पावसात तुंबलेला सबवे, पाणी क्रँकच्या आसापर्यंत येत असेल तर उतरून सायकल उचला. त्याहून वाईट म्हणजे वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप. क्रँकच्या आसाभोवतालचं सील, हब, हेडसेट आणि मागच्या सांध्यांची बेअरिंगं यांत तो ग्रीस हाकलून पाणी भरतो. आधी काही जाणवत नाही. महिन्याभराने क्रँकपाशी कुरकुर, मग घरघर. मोटर उघडणं म्हणजे बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीला रामराम. त्यापेक्षा बादली, मऊ ब्रश, साबणाचं पाणी. सिस्टिम बंद, बॅटरी जागेवर, चार्जिंग पोर्टचं झाकण नीट दाबलेलं. घरी आल्यावर बॅटरी काढून तिचे आणि फ्रेममधले संपर्क कोरड्या फडक्याने पुसा आणि पिनांवर अगदी किंचित टेक्निकल व्हॅसलिन लावा. सीवूड्स, वाशीसारख्या खाडीलगतच्या भागात हे टाळलंत तर पिनांवर हिरवट थर चढतो आणि सायकल धक्क्यासरशी बंद पडायला लागते.

दोन तक्रारी मात्र फुकटात सुटतात. बॉशवर 503 हा कोड आला, वेग शून्य दिसतो आणि मोटर साथ सोडते: मागच्या चाकावरचा चुंबक सरकलेला असतो. चुंबक आणि सेन्सरमधलं अंतर 5 ते 17 मिलिमीटर ठेवा, चिखल पुसा, झालं. शिमानोवर डब्ल्यू013 आला तर तुम्ही पेडलवर पाय ठेवून सायकल चालू केलेली असते. पाय जमिनीवर, बंद करून पुन्हा चालू.

वेगमर्यादा उडवणारे किट ऑनलाइन मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. मोटार वाहन नियमांनुसार 250 वॅटच्या आतली (ही सतत मिळणारी ताकद, वरची 600 वॅट ही क्षणिक कमाल), पेडलला साथ देणारी आणि ताशी 25 ला साथ थांबवणारी सायकल मोटार वाहन धरली जात नाही. मर्यादा काढली की नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागू होतं. आणि येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. मोटर असो वा नसो, आतल्या पायवाटांवर परवानगीशिवाय सायकल घालायची नाही.

पावसाळाभर सायकल उभी ठेवणार असाल तर बॅटरी 30 ते 60 टक्क्यांवर आणून बाहेर काढा आणि घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या कपाटात ठेवा. चार्जरला लावून ठेवू नका. मध्ये एकदा बॅटरीवरचे दिवे बघा, एकच उरला असेल तर पुन्हा अर्ध्यापर्यंत भरा. चेनवर जाड वंगण, रोटरवर कापडी पिशवी, आणि पंधरा दिवसांनी चाकं हाताने फिरवा, म्हणजे सीलंट एका जागी गोठत नाही.