न्हावा शेवा
आज उरणला मावशीकडे गेलेलो, नेरूळवरून लोकलने (२०२४ पासून थेट उरणपर्यंत जाते, केवढी सोय झालीये) आणि येताना मावसभावाने बाईकवरून न्हावा शेवा पोर्टच्या रोडने आणलं, कंटेनरच्या ट्रेलरची लाईन संपतच नव्हती. नाशिकची द्राक्षं थंड कंटेनरमधून इथूनच युरोपला जातात, मुंबई बंदराचा भार हलका करायला १९८९ ला हे बंदर सुरू झालं. पण निघताना मावशी म्हणाली, आमची भातशेती होती रे तिकडे, मिठागरं होती... संपादित जमिनींच्या योग्य मोबदल्यासाठी झालेल्या १९८४ च्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले, त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटलांचं नाव घेताना तिचा आवाज अजून भरून येतो. जासईला हुतात्मा स्मारकापाशी बाईक थांबवली, दोन मिनिटं नुसते उभे राहिलो, काही बोलावंसं वाटलंच नाही.